संदर्भसूचीत नुसतं ‘गुगल’: आठवीच्या मुलांना संदर्भ द्यायला शिकवायचं कुठून?

कात्रणवही
सातवी-आठवीच्या प्रकल्पवह्यांत शेवटच्या पानावर ‘संदर्भ: गुगल, विकिपीडिया, पाठ्यपुस्तक’ एवढंच असतं आणि आत परिच्छेदच्या परिच्छेद जसेच्या तसे. ‘स्वतःच्या शब्दांत लिहा’ म्हटलं की चार शब्द फिरवून तेच परत येतं. वाङ्मयचौर्य म्हणजे चोरी, हे सांगून झालं. मुलांना पटतंही, वहीत फरक पडत नाही. या वयात एपीए, एमएलए या संदर्भ लिहिण्याच्या ठरावीक पद्धती शिकवाव्यात का? चार-पाच तासिका हाताशी आहेत.

पानखूण
ताई, शेवटचं पान नंतर बघा, आधी टिपणवही मागा. गफलत तिथे होते. मूल पुस्तकातलं वाक्य उतरवून घेतं, खूण करत नाही, आणि आठ दिवसांनी लिहायला बसलं की आपलं कुठलं नि पुस्तकातलं कुठलं हे त्यालाच कळत नाही.

टिपणाचं पान उभं दुमडायला सांगा. डावीकडे मूळ वाक्य, अवतरणचिन्हात, पुढे पान क्रमांक. उजवीकडे स्वतःचं, आणि ते लिहिताना पुस्तक मिटलेलं. उघडं असलं की वाक्याचा सांगाडा डोळ्यांपुढे राहतो आणि नुसती शब्दांची अदलाबदल होते. लिहून झालं की पुस्तक उघडून पडताळायचं: अर्थ चुकला का, सलग चार-पाच शब्द तेच आलेत का. पारिभाषिक शब्द मात्र तसेच ठेवायचे, नाहीतर ‘प्रकाशसंश्लेषणा’ला प्रतिशब्द शोधत बसणारेही निघतात.

फळ्यावर हे शेजारी शेजारी लिहा:

मूळ: ‘गांडुळे जमिनीत बिळे करतात, त्यामुळे माती भुसभुशीत होते आणि हवा व पाणी मुळांपर्यंत सहज पोहोचते.’

फिरवलेलं: ‘गांडूळ मातीत बोगदे करतात, म्हणून माती मोकळी होते आणि पाणी व हवा मुळांपर्यंत सोपेपणाने जाते.’

स्वतःचं: ‘मुळांना हवा-पाणी मिळायला मातीत पोकळी लागते. गांडुळांच्या बिळांमुळे ती तयार होते.’

दुसऱ्यात क्रम, जोड, सगळं मूळचंच आहे. मुलांना ते स्वतः ओळखू द्या. आणि तिसऱ्यालाही संदर्भ लागतो! शब्द आपले झाले तरी माहिती आपली होत नाही. हा गैरसमज मोठ्यांतही भरपूर आहे. ‘पृथ्वी सूर्याभोवती फिरते’ याला संदर्भ नको; आकडा, मत, कुणाचा प्रयोग असेल तर हवा. यावरच दोन तासिका घालवा.

समासरेषा
पद्धतीचं नाव घेऊ नका. एमएलएच्या २०२१ च्या नवव्या आवृत्तीत एका नोंदीचे नऊ घटक आहेत. मुलं स्वल्पविरामांतच अडकतील. या वयाला चार पुरेत: कोणी, काय, कुठे, कधी. संकेतस्थळावर लेखक नसेल तर संस्थेचं नाव, तारीख नसेल तर ‘तारीख नाही’ आणि आपण पाहिल्याची तारीख. नोंद वाचायला सुरुवात करतानाच टिपणाच्या डोक्यावर करायची, कारण नंतर ते पान सापडत नाही.

‘गुगल’बद्दल: ते कपाट आहे, पुस्तक नव्हे. विकिपीडियाचं पान बदलत राहतं, म्हणून लेखाच्या इतिहासातून त्या दिवशीच्या आवृत्तीचा कायमचा दुवा घ्यायचा. शिवाय लेखातली तळटीप उघडून मूळ स्रोत वाचायची सवय लावा. न वाचता ती तळटीप आपल्या यादीत चिकटवणं हीसुद्धा लबाडीच.

दुहेरी_अवतरण
एक राहिलं, भाषांतर. इंग्रजी पान यंत्राकडून मराठीत करून घेतलं की मुलांना ते ‘स्वतःचं’ वाटतं. ‘हे लक्षात घेणे महत्त्वाचे आहे की’ असं वाक्य आठवीच्या वहीत दिसलं तर विचारपूस करा. भाषांतरालाही मूळ पानाचा संदर्भ लागतो, हे शब्दशः सांगावं लागतं.

एआयने लिहिलंय का, हे ओळखणाऱ्या साधनांवर मार्क कापू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने स्वतःचं असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केलं. त्यापेक्षा मुलाला समोर बसवून त्याच्याच परिच्छेदातले दोन शब्द समजावून सांगायला लावा. चॅटबॉटने दिलेली पुस्तकांची नावं कधी कधी अस्तित्वातच नसतात. ‘पान उघडून दाखव’ म्हटलं की उलगडा होतो.

कात्रणवही
आभार. इतर मजकुराशी जुळणी तपासणारं सॉफ्टवेअर जे साम्य दाखवतं, ते किती टक्क्यांपर्यंत चालवून घ्यावं? आणि चित्रांचं काय?

समासरेषा
टक्क्यांची रेघ आखू नका. टर्निटिनसारखं साधन साम्य मोजतं, चोरी नाही. अवतरणं, संदर्भसूची, वहीवर उतरवलेला प्रश्नसुद्धा त्यात धरला जाऊ शकतो. २५ टक्के निर्दोष निघू शकतात आणि ५ टक्क्यांत एक अख्खा चोरलेला परिच्छेद मावतो. साधनाने रंगवून दाखवलेला भाग उघडून वाचायलाच हवा.

चित्राखाली लगेच ओळ हवी, शेवटी नव्हे: चित्राचं नाव, कोणाचं, कुठून, कोणत्या परवान्याखाली. स्वामित्वहक्क संपलेल्या चित्रालाही श्रेय द्यायचंच. हक्क आणि श्रेय या दोन वेगळ्या गोष्टी. पुस्तकातली आकृती बघून हाताने काढली असेल तर ‘अमुक पुस्तक, पान अमुक, यावरून’ एवढं पुरतं.