इंदूरच्या रामबागेत फोर-बाय-फोर पिकअप: पाळावी की विकावी?

रामबागचा पिकअपवाला

मंडळी, विकायचं जवळजवळ ठरलंय, पण त्याआधी एकदा भांडून घ्यावं म्हणून लिहितोय. २०२१ साली डबल कॅबची (सीटांच्या दोन रांगांची), चारही चाकांना ताकद देणारी फोर-बाय-फोर पिकअप घेतली. डिझेल, मॅन्युअल. कंपनीचं नाव लिहीत नाही, नाहीतर सगळी चर्चा लोगोवरच होईल. ४१ हजार किलोमीटर झाले. माझं मत आता असं आहे की ज्याला अंगण नाही आणि शेतात रोजचं काम नाही, त्यानं हे लचांड घेऊ नये.

लांबी सव्वापाच मीटरच्या वर. आमच्या वाड्याच्या दारातून आत जात नाही, म्हणून रस्त्यावर उभी. सामान ठेवायचा मागचा उघडा हौदा समोरच्या काकांच्या फाटकापुढे चार बोटं येतो. चारच! पण रोज सकाळी सातला खालून हाक येते, "भिया, जरा गाडी." ब्रश तोंडात धरून गाडी मागेपुढे करणं हा माझा व्यायाम झालाय. राजवाड्याकडे तर मी ती नेतच नाही.

बरं, शहराबाहेर तरी कामाला यावी. मागच्या जुलैत चोरलच्या बाजूला मेव्हण्याच्या शेतावर गेलो होतो. वाटेत एक नाला ओलांडला, पाणी चाकाच्या निम्म्यापर्यंत. पुढे शंभर पावलांवर काळ्या मातीत मागची चाकं गरगरली. नॉब फोर-हायवर, म्हणजे चारही चाकं चालवायच्या खुणेवर, फिरवला, तर डॅशवरचा दिवा नुसता लुकलुकत राहिला. लागेचना. शेवटी ट्रॅक्टरनं ओढलं. ज्या गाडीसाठी इतका पैसा ओतला तिला चालकाच्या बाजूला छत्री बांधलेला जुना ट्रॅक्टर ओढत होता, आणि मेव्हणा व्हिडिओ काढत होता.

वर्कशॉपमध्ये कळलं की पुढचा ॲक्सल जोडणारी मोटर जाम झाली आहे. सुटा भाग यायला २३ दिवस. मागच्या डिफरन्शियलचं (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीचं) ऑइल काढलं तर ते अमृततुल्यच्या चहासारखं. आता बोला.

चोरलचा लसूणवाला

बोलतो. गाडी नाही अडकली, तुम्ही अडकलात.

माझी इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप २०१७ ची आहे, जुनी अडीच लिटरवाली. दोन लाखांच्या वर चालली. हौद्यात लसूण, खत, पंप, पाइप, एकदा तर वासरू. तुमच्या गाडीला झालंय काय, की तिला काम नाही. मागे स्प्रिंगचे पाटे आहेत, ते वजनासाठी बनवलेले. रिकामा हौदा म्हणजे मागची चाकं हलकी, आणि काळ्या मातीत हलकं चाक नुसतं जागच्या जागी फिरतं. पावसाळ्यात ५० किलोच्या वाळूच्या चार गोण्या ॲक्सलच्या वर टाकायच्या, नीट बांधून. एवढं केलं असतं तरी निम्मा त्रास वाचला असता.

दुसरं, टायर कोणते? शोरूममधून आलेले गुळगुळीत हायवे टायर असतील तर काळी माती दोन फेऱ्यांत खाचा भरून टाकते. मग तो टायर राहत नाही, मडकं होतं. ४१ हजारांत एकदा तरी गाडीखाली झोपलात का?

रामबागचा पिकअपवाला

काका, टायर हायवेचेच आहेत, कबूल. पण गाडीखाली झोपायला रामबागेत जागा कुठे आहे? झोपलो तर वरून स्कूटर जाईल.

पिथमपूरचा फोरमन

नोकरी वाहन उद्योगातली, म्हणून दोन गोष्टी स्पष्ट करतो.

एक. दिवा लुकलुकणं म्हणजे दर वेळी बिघाड नसतो. फोर-हाय लागायला दात दाताला बसावे लागतात. चाकं वळलेली असतील किंवा जागेवर गरगरत असतील तर बसत नाहीत. पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ करायचं, गाडी थोडी पुढेमागे सरकू द्यायची. चिखल दिसल्यावर, रुतायच्या आधी लावायचं. रुतल्यावर आठवण येणं हीच खरी चूक. तुमच्या बाबतीत मोटर खरंच जाम होती, कारण वापरच नव्हता. महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर एक-दोन किलोमीटर लावत जा.

दोन. चहाच्या रंगाचं ऑइल. चालून डिफरन्शियल तापलेलं असतं, ते थंड पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा जायच्या-यायच्या भोकातून) किंवा सीलमधून पाणी आत ओढून घेते. ब्रीदरला नळी जोडून ती वर हौद्यापर्यंत नेली की बरंचसं भागतं. फार खर्चाचं काम नाही. खोल पाण्यात गाडी घातली की घरी आल्यावर ऑइल बघायचंच, सर्व्हिसच्या तारखेची वाट बघायची नाही. पाणी मिसळलेलं ऑइल बेअरिंग खातं, आणि आवाज येईपर्यंत उशीर झालेला असतो.

विजयनगरचा चिंटू

मी तर दर रविवारी फोर-हाय लावून कॉलनीत दोन चकरा मारतो. मोटर जाम व्हायचा प्रश्नच नाही 😎

पिथमपूरचा फोरमन

चिंटूभाऊ, कॉलनीत डांबर आहे की चिखल? या गाड्यांत मधलं डिफरन्शियल नसतं. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, आणि फोर-हायमध्ये दोन्ही शाफ्ट एकमेकांना बांधलेले. चिखलात चाक थोडं घसरून तो ताण सुटतो. कोरड्या डांबरावर सुटत नाही, सगळा ट्रान्सफर केस (पुढे-मागे ताकद वाटणारी पेटी) आणि जॉइंट-क्रॉसवर (शाफ्टच्या सांध्यांवर) येतो. वळताना गाडी धरल्यासारखी अडखळते ना? ते तिचं ओरडणं आहे.

विजयनगरचा चिंटू

अडखळते 😐 मला वाटलं पॉवर आहे.

सुदामानगरची रोपवाटिकावाली

मी बाई आहे, मूळ धाग्याच्या विरुद्ध आहे आणि माझ्याकडेही अंगण नाही. रोपांचा व्यवसाय आहे. कुंड्या, शेणखत, कोकोपीट, कधी सहा फुटी चाफा उभा. एसयूव्हीत शेणखत न्या बघू! इथे संध्याकाळी हौद्यात पाण्याचा पाइप सोडला की झालं. ड्रायव्हर नाही, मीच चालवते. पहिल्या महिन्यात सगळ्यांनी विचारलं, "वहिनी, जमतं का?" आता तेच शिफ्टिंगला गाडी मागायला येतात.

पण एक त्रास कोणी लिहिला नाही, तो डीपीएफचा, म्हणजे डिझेलच्या धुराच्या फिल्टरचा. बीएस-सिक्स (नव्या प्रदूषण नियमांचं) डिझेल इंजिन आणि रोज पाच किलोमीटरची फेरी, यांचं जमत नाही. धुराची काजळी त्या फिल्टरमध्ये साठते, ती जळायला इंजिन सलग तापावं लागतं, आणि सुदामानगर ते अन्नपूर्णा एवढ्यात ते तापत नाही. दोनदा दिवा लागला. आता पंधरा दिवसांतून एकदा एबी (आग्रा-बॉम्बे) रोडनं मानपूरपर्यंत एका वेगात जाऊन येते. डिझेल जळतं ते जळतं, पण येताना महूला चहा होतो.

लोकमान्यनगरचा वकील

उत्साही मंडळींनी ऐका. बुलगार्ड, उंची वाढवणं, बाहेर येणारी रुंद चाकं, हे सगळं करण्याआधी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. कंपनीच्या मूळ रचनेत मनाजोगा बदल चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्येही सांगितलंय. बुलगार्डवर तर डिसेंबर २०१७ मध्येच केंद्रानं राज्यांना कारवाई करायला सांगितलं. शिवाय धडकेचा जोर तो लोखंडी कठडा सरळ चासीवर पोचवतो आणि एअरबॅगच्या सेन्सरचाही घोटाळा होऊ शकतो. अपघातानंतर विमावाला हेच शोधतो.

आणि लसूणवाले काका, पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीत स्वतःचा माल ठीक, शेजाऱ्याचा भाड्यानं नेऊ नका.

चोरलचा लसूणवाला

शेजाऱ्याचा नेतो, पण भाडं घेत नाही. तो जेवायला घालतो. यावर कलम असेल तर सांगा.

विजयनगरचा चिंटू

पिकअप विकून फोर्सची गुरखा जीप घ्या. कारखाना आपल्या पिथमपूरलाच, स्नॉर्केल (इंजिनाला वरून हवा देणारी नळी) कंपनीतूनच लावलेलं येतं, पुढेमागे दोन्हीकडे डिफ लॉक (डावं-उजवं चाक एकत्र फिरवणारं). आणि लांबीही कमी, समोरचे काका खूश.

सुदामानगरची रोपवाटिकावाली

आणि शेणखत तुझ्या मांडीवर?

रामबागचा पिकअपवाला

सगळ्यांचं वाचलं. फोरमनसाहेबांचं शंभर टक्के पटलं, काकांचं ऐंशी. चूक माझी, मान्य. पण माझा मुद्दा जिथल्या तिथेच आहे. वहिनी, तुम्हाला रोज शेणखत असतं. मला वर्षात चार वेळा पाट-पातेली न्यायची असतात, त्यातली एक वेळ गणपतीत. उरलेले ३६१ दिवस मी गाडीला काम शोधत फिरू? ब्रीदरची नळी, वाळूच्या गोण्या, महिन्याला कच्चा रस्ता, पंधरवड्याला मानपूर. ही गाडी आहे की सासरेबुवा?

चिखलाचंही सांगायचं राहिलं. चोरलहून आलो तेव्हा चाकांतून काळी ढेकळं गल्लीभर पडली. २०१७ पासून सलग सात वेळा स्वच्छतेत पहिलं आलेलं आपलं गाव! दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि बायको खराटा घेऊन रस्त्यावर, आणि समोरचे काका गॅलरीतून दाखवतायत, "तिकडं राहिलं."

चोरलचा लसूणवाला

३६१ दिवसांचं गणित बरोबर आहे. तुमच्याकडे ती नांदणार नाही. किती म्हणता?

रामबागचा पिकअपवाला

आत्ता तर मलाच नावं ठेवत होतात!

चोरलचा लसूणवाला

तुम्हाला ठेवत होतो, गाडीला नाही. माझ्या पोराला हवी आहे. पण मी खालून बघणार. दोन्ही डिफरन्शियलचं ऑइल माझ्यासमोर काढायचं, चासीच्या आतल्या कोपऱ्यांत स्क्रू-ड्रायव्हर टोचून गंज बघणार, जॉइंट-क्रॉस हातानं हलवणार. ग्रीस गन माझी. फोर-लो (कमी वेग, जास्त ताकद) लागलं नाही तर पन्नास हजार कमी.

पिथमपूरचा फोरमन

मागच्या पाट्यांचे बुशही बघा. रिकामी उडत राहिलेली गाडी आहे.

रामबागचा पिकअपवाला

फोरमनसाहेब, तुम्ही कोणाकडून? 🙏 या काका रविवारी, पोहे-जलेबी माझ्याकडे. फक्त सातच्या आत या. सात वाजता गाडी हलवायची असते, तेव्हाच खाली शिरा.