रेड बॉल एक्सप्रेसमधला जीएमसी ट्रक (१/३५) : जोडणीचा क्रम, रंग आणि गंज

ठाणेकर :
नमस्कार मंडळी. आजवर मी १/३५ प्रमाणातल्या (खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढ्या) रणगाड्यांच्या प्लास्टिक प्रतिकृतीच जोडत आलो आहे. मालवाहू ट्रक प्रथमच हाती घेतला आहे. किट अमेरिकेच्या अडीच टनी, सहाचाकी जीएमसी सीसीकेडब्ल्यू ३५३ चे असून केबिन कापडी छताची आहे. हा ट्रक मला सप्टेंबर १९४४ मधल्या फ्रान्समध्ये, रेड बॉल एक्सप्रेसच्या, म्हणजे आघाडीवरच्या सैन्याला माल पोहोचवणाऱ्या अमेरिकी ट्रकांच्या ताफ्यात, पेट्रोलच्या कॅननी भरलेला दाखवायचा आहे. रणगाड्याचे बहुतेक सगळे भाग जोडून मग एकदम रंगवता येतात. येथे मात्र चासी, इंजिन, केबिन आणि हौदा एकमेकांच्या आड येतात, त्यामुळे कोणते भाग आधी चिकटवावेत आणि कोणते रंगवल्यानंतर, हे ठरत नाही. शिवाय छायाचित्रांत दिसणाऱ्या बहुतेक प्रतिकृती गंजाने माखलेल्या असतात. हे ट्रक खरोखर तसे दिसत असत काय? आणखी एक, आमच्याकडे पाऊस सुरू आहे. अशा दिवसांत एअरब्रश (रंग फवारण्याचे यंत्र) चालवावा की थांबावे?

नाशिकचा हौशी :
ट्रकचे सारे यश चासीवर अवलंबून असते. दोन लांब पट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे भाग पातळ सिमेंटने (प्लास्टिकच्या गोंदाने) चिकटवताना संपूर्ण सांगाडा सपाट काचेवर ठेवावा, गुण्याने काटकोन तपासावा आणि रात्रभर तसाच राहू द्यावा. सिमेंट प्लास्टिक विरघळवून सांधा तयार करते, त्यामुळे वरवर घट्ट वाटणारा सांगाडा आतून काही तास मऊच असतो, आणि त्याच वेळी पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) व आक्सल बसवण्याची घाई केली तर पुढे सहापैकी एखादे चाक अधांतरी राहते. मागच्या आक्सलची जोडी बसवल्यावर चाके फक्त अडकवून ट्रक काचेवर टेकवून पाहावा आणि सांधे मऊ असतानाच आवश्यक तेवढे वळण द्यावे.

त्यानंतर काम चार गटांत विभागावे : चासी, पाटे, आक्सल व प्रोपेलर शाफ्ट हा एक, इंजिन दुसरा, केबिन तिसरा, आणि हौदा चौथा. चाके न चिकटवता काड्यांवर लावून वेगळी रंगवावीत. मागची चाके जोडीची असल्यामुळे जमिनीवरचे टायर एकूण दहा होतात, आणि दोन टायरांमधल्या फटीत ब्रश नंतर जात नाही. कापडी छत शेवटपर्यंत सुटे ठेवावे, कारण आसने, डॅशबोर्ड आणि स्टीअरिंग वरून सहज दिसतात. बॉनेट बंद दाखवणार असाल तर इंजिनावर फार वेळ घालवू नये. बाजूच्या जाळीतून त्याची जेमतेम सावली दिसते.

रंगाचे म्हणाल, तर तामिया कंपनीचा एक्सएफ-६२ ऑलिव्ह ड्रॅब (लष्करी मळकट हिरवा) बाटलीतून थेट मारल्यास एवढ्या लहान आकारावर फार काळपट दिसतो. त्यात थोडा बफ (फिकट पिवळसर तपकिरी) मिसळून बॉनेट, मडगार्ड आणि हौद्याच्या वरच्या कडा उजळ कराव्यात. ताडपत्रीला मात्र धातूपेक्षा वेगळी, किंचित पिवळट छटा द्यावी, नाहीतर सारा ट्रक एकाच साच्यातून ओतल्यासारखा भासतो.

रत्नागिरीकर :
पावसाविषयी एवढेच सांगतो. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंगावर पांढुरकी झाक येते. हा धोका लॅकर रंगांत आणि मॅट वार्निशमध्ये सर्वांत जास्त असतो, आणि गडद हिरव्यावर ती झाक लगेच डोळ्यांत भरते. कंप्रेसरला पाणी अडवणारा फिल्टर लावावा, काही मिनिटांनी टाकीतले पाणी काढून टाकावे आणि पातळ थर द्यावेत. मूळ रंग पावसाळ्यात मारता येतो. शेवटचे मॅट वार्निश मात्र मी कोरड्या दिवसासाठी राखून ठेवतो. फार घाई असेल तर वातानुकूलित खोली हाच उपाय.

वाहनवेडा, पुणे :
गंजाच्या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे : या ट्रकवर गंज जवळजवळ नकोच. सीसीकेडब्ल्यूचे उत्पादन १९४१ मध्ये सुरू झाले आणि युद्ध संपेपर्यंत पाच लाखांहून अधिक ट्रक तयार झाले, त्यामुळे १९४४ च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये धावणारे अनेक ट्रक फार जुने नव्हते. रेड बॉल एक्सप्रेस २५ ऑगस्ट ते १६ नोव्हेंबर १९४४ एवढीच चालली. एवढ्या अवधीत पत्रा सडत नाही. झिजतात ते टायर, पाटे आणि इंजिन. नॉर्मंडीतून आत घुसलेल्या सैन्याला इंधन व दारूगोळा पोहोचवण्यासाठी, रेल्वेमार्ग उद्ध्वस्त झालेले असताना, हे ताफे एकदिशा मार्गांवरून रात्रंदिवस धावत होते. चालकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश आफ्रिकी-अमेरिकी सैनिक होते आणि त्यांच्या वाट्याला विश्रांती फार कमी आली. या ट्रकची कहाणी वापराने दमलेल्या गाडीची आहे, टाकून दिलेल्या गाडीची नाही.

म्हणून खरा गंज फक्त सायलेन्सरवर दाखवावा. पायऱ्या, हौद्याची मागची फळी आणि चालकाचा दरवाजा येथे रंग घासला गेलेला चालेल. बाकी सर्वत्र धूळ : मडगार्डखाली दाट, बॉनेटवर विरळ, आणि पुढच्या काचेवर वायपरच्या अर्धवर्तुळाबाहेर. तपकिरी वॉश (अगदी पातळ केलेला रंग) फक्त खाचांत ओढावा. नाशिकच्या हौशींनी कडा उजळ करण्याचा जो सल्ला दिला आहे, तो मी थोडा आवरता घेईन, कारण दाट धुळीखाली त्या कडा अशाही दबतात. चिखल हवा असेल तर देखावा नोव्हेंबरमध्ये न्यावा.

आपला हौदा लाकडी असेल, तर तोही ऑलिव्ह ड्रॅबच रंगवावा. पोलाद वाचवण्यासाठी मध्यंतरी लाकडी हौदे आले, पण ते रंगवलेलेच असत. उघडे लाकूड फक्त खरचटलेल्या जागी दिसावे. प्रतिकृती बनवणाऱ्यांना लाकडाचा पोत दाखवण्याचा मोह आवरत नाही, ही गोष्ट वेगळी.

ठाणेकर :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. हौदा लाकडीच आहे, म्हणजे तपकिरी रंगाची बाटली पुन्हा कपाटात. माझ्या सुट्या भागांच्या डब्यात जर्मन जेरीकॅन (इंधनाचे कॅन) बरेच आहेत. ते ऑलिव्ह ड्रॅब रंगवून वापरले तर चालतील का? आणि भरलेला ट्रक किती दबलेला दाखवावा?

वाहनवेडा, पुणे :
जर्मन कॅन वापरू नयेत. आकार मिळताजुळता असला तरी जर्मन कॅनला मध्यभागी वेल्डची उभी शिवण आणि तरफेचे झाकण असते, तर अमेरिकी कॅनचा तळ वळवून बसवलेला आणि झाकण फिरकीचे असते. कॅन हौद्यात वरून दिसणार असल्याने झाकणांची ही चूक लपणार नाही. फार तर खालच्या थरात जर्मन कॅन भरून वरचा थर अमेरिकी ठेवावा.

नाशिकचा हौशी :
या ट्रकची अडीच टनांची क्षमता कच्च्या रस्त्यासाठी होती; पक्क्या रस्त्यावर त्यावर दुप्पट माल लादण्याची मुभा होती. म्हणून मागचे पाटे जवळजवळ सरळ झालेले आणि टायर जमिनीलगत किंचित फुगलेले शोभतील. टायर प्लास्टिकचे असतील तर खालची बाजू सँडपेपरवर हलकेच घासून सपाट करावी. रबरी असतील तर हा खटाटोप करू नये, धुळीनेच काम भागवावे. पाटे वाकवायचे असतील तर चासीला चिकटवण्यापूर्वी वाकवावेत, आणि दोन्ही बाजूंची उंची मोजून मगच सिमेंट लावावे.