मदत हवी आहे: पेठ रुंद करावी की आधी पाणंद (शेतांकडं जाणारी जुनी वाट) मोकळी करावी? (कराड तालुका)

नमस्कार मंडळी. गाव कराड तालुक्यात, कृष्णेच्या पूर्वेला. नाव मुद्दाम लिहीत नाही, ग्रामसभेआधीच भावकीत वाजायला नको. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पुढच्या वर्षाचा विकास आराखडा मांडायचाय आणि बहुतेकांचं म्हणणं, पेठ रुंद करा आणि काँक्रीट ओता. मला ते पटत नाही. पण नुसतं 'पटत नाही' म्हणून कोण ऐकतंय?

गेल्या काही वर्षांत गावाभोवती प्लॉट पडले, ओगलेवाडीला आणि कराडात कामाला जाणारी बिऱ्हाडं इकडं राहायला आली. घरं वाढली, रस्ता मात्र तोच एक, पेठेतला, फाट्यापासून चावडीपर्यंत आणि तिथून मळ्यांकडं. हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रेलर लावलेले उसाचे ट्रॅक्टर ह्याच रस्त्यानं. सकाळी एसटी, दुधाची गाडी आणि ट्रॅक्टर यांची चावडीच्या वळणावर गाठ पडली की कुणीच मागं सरत नाही. असं होऊन होऊन एसटी आता फाट्यावरूनच वळते. विद्यानगरला कॉलेजला जाणाऱ्या पोरींच्या हातात पास आहे, पण गाडी आत येत नाही. मग अंधारात फाट्यापर्यंत चाला, नाहीतर वडापच्या जीपला लटका.

आता रुंदीकरणाचं. दोन्ही बाजूंचे कट्टे काढले तरी वळणावरचा वाडा हलणार नाही, म्हणजे कोंडी जिथल्या तिथं. दुसरं, आजवर दरवेळी जुन्या थरावरच नवा थर पडत आला. चावडीशेजारच्या जुन्या घरांचे उंबरे रस्त्याच्या खाली गेलेत. जोराचा पाऊस आला की दाराला फळी आडवी लावायची, तिच्या पायाशी मातीची पोती रचायची, तरी सोप्यात पाणी. गटार एकाच बाजूला, तेही मध्येच संपतं. त्यात नळयोजनेची चर नुसत्या मातीनं बुजवलेली, ती वीतभर खचलीय. ह्याच्यावर काँक्रीट ओतायचं आणि उद्या पाइप फुटला की फोडायचं!

माझ्या डोक्यात ओढ्याकडेची जुनी पाणंद आहे. गावनकाशावर ती दुहेरी तुटक रेषेनं दाखवलीय, म्हणजे गाडीमार्ग. प्रत्यक्षात एका ठिकाणी गोठा उभा आहे आणि बाकी ठिकाणी बांध सरकत सरकत पायवाट उरलीय. ती मोकळी झाली तर ऊस गावाबाहेरून जाईल. तरुण मंडळाचं वेगळंच. पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली, तर आपणही सौर दिवे लावू म्हणतात. लावू की, पण आधी पाण्याला वाट करून द्या.

पाणंदीची सुरुवात कुठून करायची, पैसा कुठल्या हेडमधून बसतो आणि एसटी पुन्हा आत कशी आणायची? कुणाच्या गावात झालं असेल तर सांगा.

बांधावरून: दादा, आधी भूमी अभिलेखमधून गावनकाशाची नक्कल काढा आणि मोजणीचा अर्ज ग्रामपंचायतीच्या नावानं करा, तुमच्या नावानं नको. तुमचं नाव आलं की ते भांडण होतं. गाडीमार्ग म्हणजे साडेसोळा ते एकवीस फूट, पायमार्ग असता तर सव्वाआठच. अडवलेली वाट मोकळी करून घ्यायला मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 सगळे सांगतील, पण त्यातला दावा अडथळा केल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो. तुमचा गोठा जुना दिसतोय. नकाशावरच्या रस्त्यावरचं अतिक्रमण म्हणून तहसीलदारांकडे जा. मोजणी ऊस तुटल्यावर घ्या, उभ्या उसात खुणा सापडत नाहीत आणि माणसंही हंगामानंतर जरा थंड असतात. पैशाचं म्हणाल तर 2021 मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली, रोजगार हमीतून.

निवृत्त ओव्हरसियर: पाणंद जरूर करा, पण तुमच्याकडं काळी जमीन असणार. भरलेले दोन ट्रेलर नुसत्या मुरमावर घातले तर पहिल्या अवकाळीतच चाकं आसापर्यंत रुततील. पहिल्या वर्षी रिकामे ट्रॅक्टर पाणंदीनं परतू द्या, भरलेले पेठेतून. समोरासमोर गाठच पडत नाही, तुमची निम्मी कोंडी तिथंच सुटते. दोन्ही बाजूंना चर काढल्याशिवाय मुरूम टाकू नका.

पेठेत क्रम असा ठेवा: पाइप, गटार, मग रस्ता. पंधराव्या वित्त आयोगात (2021-26) 60 टक्के निधी बंधित होता, तो पाणी आणि स्वच्छतेलाच. सांडपाण्याचं गटार त्यात बसायचं, रस्ता बसत नव्हता. आताही तसा बंधित निधी असेल, तर गटार आधी घेतल्यानं रस्त्याचे पैसे कमी होत नाहीत, हे सभेत मोठ्यानं सांगा. जुना थर खरवडून काढायची बाब अंदाजपत्रकातच लिहून घ्या, नाहीतर कंत्राटदार वरूनच ओतणार. आणि काँक्रीटच्या आधी ठरावीक अंतरावर आडवे रिकामे पीव्हीसी पाइप टाकून ठेवा. पुढं नळजोड द्यायला रस्ता फोडावा लागणार नाही.

फाट्यावरची: एसटीचं मी सांगते. आमच्याकडं नुसती निवेदनं देऊन काही झालं नाही. ग्रामसभेचा ठराव, पासधारक मुलामुलींची यादी आणि गाडी कुठं वळणार त्या जागेचा नकाशा, असं एकत्र घेऊन आगार व्यवस्थापकांना भेटलो तेव्हा माणूस जागा बघायला आला. 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळं गाडी आत आली तर भरते, हे त्यांनाही कळतं. अडतं ते वळायच्या जागेवर. गायरान दाखवणार असाल तर ते परस्पर वापरता येत नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. शाळेचं मैदान मात्र देऊ नका हो.

धागाकर्ता: ताई, मैदान नाही, जुन्या खळ्याची जागा आहे, बघतो. ओव्हरसियरसाहेब, रिकामे ट्रॅक्टर पाणंदीनं ही गोष्ट ऊसतोड टोळीवाल्यांनाही पटेल, त्यांचाच डिझेल आणि वेळ वाचतो. एकच विचारायचं राहिलं. पाणंद ओढा ओलांडते तिथं फरशी (पुराचं पाणी वरून जाऊ देणारी) घालावी की पाइपची मोरी?

निवृत्त ओव्हरसियर: ओढा पावसाळ्यात किती चढतो ते शेजारच्या विहीरवाल्याला विचारा, त्याला पक्कं माहीत असतं. तास-दोन तास पाणी वरून जात असेल तर फरशी बरी, स्वस्तही पडते. मोरीच घालायची ठरली तर 900 मिलिमीटरच्या खाली जाऊ नका. बारक्या पाइपात उसाचं पाचट अडकतं आणि पाणी शेजाऱ्याच्या रानात घुसतं.