स्ट्रटला मराठीत काय म्हणायचं? (आणि पाना की पान्हा?)

टेक्सासी
बाबा सध्या आमच्याकडे ऑस्टिनला आलेत. इचलकरंजीत तीस वर्षं गॅरेज चालवलेला माणूस, घरात बसवत नाही. माझ्या टॅकोमा पिकअपचे पुढचे स्ट्रट (चाकांचे धक्के झेलणारे भाग) गेलेत, तर शनिवारी आपणच बदलू असं ठरलं. त्यांच्यासाठी मी मराठीत यादी केली: जॅक, दोन घोड्या, चाकाच्या नटांना २१ चा पान्हा, गोटी पान्ह्यांचा संच, लांब दांडा, पहार, हातोडा, गंजलेल्या बोल्टांवर मारायचा स्प्रे, टॉर्क रेंच (ठरलेला जोर लागला की टक् वाजणारा) आणि शॉकअप दाबायचा क्लॅम्प.

बाबांनी दोन चुका काढल्या. "पान्हा गाईला फुटतो. गॅरेजात पाना असतो." आणि "शॉकअप कशाला दाबतोस? दाबायची ती स्प्रिंग."

दुसरं पटलं. शॉकअप म्हणजे धक्के झेलणारी आतली नळी. पण इथे नळी, तिच्याभोवती स्प्रिंग आणि वरची टोपी अशी अख्खी जोडणी एकत्र निघते. तिला काय म्हणायचं? बाबा म्हणाले, "आमच्याकडं पिकअपला पुढंपण पाट्यांच्या स्प्रिंग असायच्या, हे लाड नव्हते." बायकोने 'आधारस्तंभ' सुचवला. तो मला संस्थेच्या अध्यक्षांसारखा वाटतो.

कानामात्रा
बाबांचं बरोबर आहे. पान्हा हा संस्कृत 'प्रस्नव'वरून आला, त्याचा नटबोल्टशी संबंध नाही. अवजाराचा पाना म्हणजे स्पॅनर, पुढचा स गळालेला. स्टेशनचं ठेसन झालं तसंच.

घाटाखालचा
माझ्या आजोबांचं चिपळूणला सायकलचं दुकान होतं. ते, त्यांचा पोऱ्या, समोरचा ट्रकवाला, सगळे पान्हाच म्हणायचे. वर्तमानपत्रातही पान्हाच वाचलाय. आता हे सगळे चूक, आणि एक व्युत्पत्ती बरोबर?

कानामात्रा
चूक कोण म्हणतंय? व्युत्पत्ती सांगितली.

घाटाखालचा
"बाबांचं बरोबर आहे" ही व्युत्पत्ती नसते.

मडगावकर
भांडू नका, माझं ऐका. आपली 'चावी' पोर्तुगीजांकडून आली, आणि त्यांच्याकडे त्याच शब्दाचा अर्थ पाना असाही होतो! सरकत्या जबड्याच्या पान्याला ते चक्क 'इंग्लिश चावी' म्हणतात. मिस्त्री तिकडचा, बिजागरी तिकडची. तेव्हा पान्याला चावी म्हणा नि मोकळे व्हा.

चिंचगूळ
म्हणजे दुकानात चावी मागितली की किल्ली मिळणार. छान.

शुद्धमती
मूळ प्रश्नाला कोणी हात लावेल का? शॉकअपला 'धक्काशोषक' आणि स्प्रिंग दाबायच्या साधनाला 'कमानी-संपीडक' म्हणता येईल. सावरकरांनी 'महापौर' दिला तेव्हाही लोक हसले असतील, आज कोणाला खटकतं का?

चिंचगूळ
ताई, महापौर निवांत खुर्चीत बसलेला असतो. दाबलेली स्प्रिंग निसटली तर जबडा फोडते. तिथे "संपीडक धर रे" म्हणेपर्यंत उशीर झालेला असेल.

शुद्धमती
"कंप्रेसर धर रे" हे किती लहान आहे, मोजून पाहा.

(हे मात्र मी मोजलं. अक्षरं सारखीच भरतात. – चिंचगूळ)

उलटा बोल्ट
मुळात टॅकोमाला स्ट्रट नसतोच, म्हणून शब्द सापडत नाहीये. मॅकफर्सनच्या मांडणीत स्ट्रट हाच चाकाला वरून धरतो आणि स्टिअरिंगबरोबर फिरतो. वरचा आर्म, म्हणजे चाक धरणारी दांडी, नसतो. १९४९ च्या फोर्ड व्हेडेटपासून गाड्यांना तो येऊ लागला. टॅकोमाला वर-खाली दोन्ही आर्म आहेत, त्यामुळे तो स्प्रिंग चढवलेला शॉकअपच. अमेरिकन दुकानदार सरसकट स्ट्रट म्हणतात, ते सोडा. आणि तयार जोडणी आणलीत तर क्लॅम्प लागतच नाही: वरचे तीन नट, खालचा जाड बोल्ट, झालं. नंतर चाकांचं अलाइनमेंट मात्र करून घ्या.

घाटाखालचा
म्हणजे दुकानदारांचा 'स्ट्रट' चूक, बाबांचा 'शॉकअप' बरोबर. बघा, शेवटी गॅरेजच जिंकलं. तसा शॉकअपही 'अॅब्सॉर्बर'चा उरलेला तुकडाच. त्याला कोणी हटकत नाही, पान्ह्याला मात्र सगळे.

तानपुरा
मी वेगळ्याच कारणासाठी आले. यादीत 'घोड्या' वाचून छान वाटलं. आमच्या तंबोऱ्यालाही घोडी असते, तारांचा भार तिच्यावर. तुमच्याकडे गाडीचा भार. सुताराकडेही घोडी असते ना? सगळ्यांना ओझं टाकायला घोडीच कशी सापडते? घोडा का नाही?

कानामात्रा
सुताराचा घोडाही ऐकलाय. लहान वस्तूला स्त्रीलिंग, मोठीला पुल्लिंग असावं. हातोडी-हातोडा, पळी-पळा.

तानपुरा
आमची घोडी लहान, कबूल. पण दीड टनाची पिकअप पेलणारी लहान कशी?

उलटा बोल्ट
टॅकोमा दीड टनाहून जड आहे.

टेक्सासी
काम झालं. तयार जोडणीच आणली. टॉर्क रेंचवर चाकाचे नट ८३ फूट-पौंडाला आवळायचे होते. बाबांनी हाताने आवळले आणि म्हणाले, आता लाव तुझं यंत्र. पाचही नटांना लगेच टक् वाजलं. शब्द राहिलाच. त्यांनी दिवसभर त्या वस्तूला 'ते' म्हटलं: "ते धर", "ते फिरव". आणि स्क्रू ड्रायव्हर मागताना "डिसमिस दे" म्हणाले. हा शब्द कुठला?

मडगावकर
डिसमिस गुजरातीतही म्हणतात, तिकडूनच आला असावा.

घाटाखालचा
आमच्या आजोबांच्या दुकानात गुजराती कोणी नव्हतं, आणि तरी डिसमिस होता.