दोन घरांचे सामान, दोन मुले आणि एक घर : आवराआवरीला सुरुवात कोठून करावी?

कारेलीबागकर

नमस्कार मंडळी,

आमचे घर बडोद्यात कारेलीबागेत आहे. तळमजल्यावर बैठक, स्वयंपाकघर व आईची खोली आणि वर दोन खोल्या, एवढ्या जागेत आई, आम्ही दोघे, नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा असे पाच जण राहतो. दांडिया बाजारातील वडिलोपार्जित घर विकले तेव्हा तिकडचे सामान इकडे आणले आणि सवडीने लावू म्हणून तसेच ठेवून दिले. ती सवड मिळण्याआधीच 2024च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला पूर आला. पाणी उंबऱ्याशी पोहोचले त्या रात्री हाताला लागेल ते आम्ही जिन्याने वर नेले. पुढे पाणी ओसरले, भिंती वाळल्या, रंगही दिला, पण वर गेलेले सामान खाली आलेच नाही. आज मुलांच्या खोलीत खेळण्यांशेजारी पितळी घंगाळ आहे, माझ्या वडिलांच्या फायली पलंगाखाली आहेत आणि मुलीला अभ्यासाला बसायचे तर आधी टेबलावरच्या गाद्या उचलाव्या लागतात.

गेल्या मे महिन्यात मुले आजोळी गेली असताना मी त्यांची खोली आवरायला घेतली आणि त्यात माझ्या हातून एक चूक झाली. मुलीचा बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा मी भंगारात दिला. आल्यावर तिने तो सगळीकडे शोधला. त्यात चणियाचोळीवरून निखळलेले मणी होते, उत्तरायणात गच्चीवर सापडलेले पतंगांचे चकचकीत कागद होते, दोन बोटांएवढी उरलेली पेन्सिल होती आणि कापसात गुंडाळलेला तिचा पहिला पडलेला दात होता. ती रडली नाही. तिने एवढेच विचारले, "बाबा, तुम्ही तो उघडून पाहिला होता का?" मी पाहिला नव्हता. तेव्हापासून ती आपल्या वस्तू गादीखाली आणि दप्तराच्या तळाशी लपवून ठेवते, आणि अंगाला न येणारा फ्रॉकसुद्धा कोणाला देऊ देत नाही.

दिवाळीपूर्वी घर लावावे अशी इच्छा आहे. मुलीचा विश्वास परत मिळवून हे काम कसे करावे, आईच्या पितळी भांड्यांचे काय करावे आणि मुळात सुरुवात कोठून करावी, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

बालवाडीच्या ताई

दादा, मी सत्तावीस वर्षे बालवाडीत काढली, म्हणून आधी मुलीविषयी लिहिते. घर आवरण्याआधी तिच्याजवळ बसून स्पष्ट शब्दांत माफी मागा. "नवीन डबा आणून देतो" हे वाक्य त्यात येऊ देऊ नका, कारण डबा गेल्यापेक्षा न विचारता गेला हे तिला लागले आहे. त्यानंतर तिला घरात अशी एक जागा द्या, की जी तिच्याशिवाय कोणीही उघडणार नाही आणि कधीही आवरणार नाही. एक खण किंवा लहान ट्रंक पुरेल. त्यात काय ठेवायचे हे तिने ठरवावे. ती भरली की काय काढायचे हेही तिनेच ठरवावे. मुले टाकून द्यायला शिकतात ती अशाच मर्यादित जागेमुळे, आपल्या सांगण्यामुळे नव्हे.

धाकट्याचा प्रश्न वेगळा आहे. चार वर्षांच्या मुलाला "खोली आवर" म्हटले तर त्यातून काहीच कळत नाही. "गाड्या टोपलीत ठेव" एवढे मात्र नीट कळते. गिजुभाई बधेका यांनी 1920 साली भावनगरला बालमंदिर सुरू केले आणि आपल्या ताराबाई मोडक तेथेच त्यांच्याबरोबर काम करून पुढे महाराष्ट्रात गेल्या. ज्या माँटेसरी पद्धतीतून ही परंपरा आली, तिच्यात फडताळ मुलाच्या हाताच्या उंचीचे असते, प्रत्येक साधनाची जागा ठरलेली असते आणि मूल स्वतः वस्तू घेऊन स्वतःच परत ठेवते. घरीही हेच लागू पडते. झाकणाचे खोल खोके घेऊ नका, कारण तळाची एक गाडी काढायला मूल सगळे खोके पालथे करते आणि मग आपण त्यालाच रागावतो. तीन फुटांपेक्षा उंच नसलेली उघडी फळी घ्या, तिच्यावर आठ-दहाच खेळणी मांडा आणि प्रत्येकाच्या जागी त्या वस्तूचे चित्र चिकटवा. चित्रे ताईने भावासाठी काढावीत, म्हणजे तिलाही या कामात मानाची जागा मिळेल.

उरलेल्या खेळण्यांसाठी आपल्या बडोद्याचेच एक उदाहरण मला फार आवडते. सयाजीराव महाराजांनी 1910 साली येथे मध्यवर्ती ग्रंथालय उभे केले आणि त्या व्यवस्थेतून पुस्तकांच्या पेट्या संस्थानातल्या गावोगाव फिरत असत. एका गावाने वाचून झाल्या की त्या पुढे जात. आमच्या बालवाडीत आम्ही खेळण्यांच्या अशाच तीन 'फिरत्या पेट्या' केल्या होत्या. एक फळीवर, दोन माळ्यावर, आणि दर पंधरा दिवसांनी बदल. पेटी परत खाली आली की मुले जुन्याच ठोकळ्यांवर नव्याने तुटून पडत. अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठात दीड ते अडीच वर्षांच्या 36 बालकांचे निरीक्षण करून 2018 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात समोर सोळाऐवजी चारच खेळणी असताना मुले एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली असे आढळले. मला तो निष्कर्ष वाचून नवल वाटले नाही, मात्र आनंद झाला.

तीन मुलांची आई, मांजलपूर

ताईंचे म्हणणे पटते, पण भाऊ, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला आणि मला त्यात मुलांचा पसारा फारसा दिसलाच नाही. घंगाळ, फायली, गाद्या हा सगळा मोठ्यांचा, 'नंतर बघू' म्हणून राहिलेला ऐवज आहे आणि तो मुलांच्या खोलीत आहे. त्यामुळे सुरुवात खेळण्यांपासून करूच नका. आधी तुमच्या वडिलांच्या फायली, तुमचे बंद पडलेले मोबाइल आणि चार्जर, तुमच्या पत्नीचे न वापरलेले ड्रेस, भेट आलेले डिनर सेट बाहेर काढा, आणि हे मुलीच्या डोळ्यांदेखत करा. बाबा आपल्या वस्तूंचा विचार करतात, काही ठेवतात, काही देतात, हे तिने पाहिले पाहिजे. आमच्या मोठीने मी माझे लग्नातले दोन शालू मावसबहिणीला दिलेले पाहिले आणि त्यानंतरच आपल्या बाहुल्यांना हात लावू दिला.

रोजच्या पसाऱ्यापैकी निम्मा दारातच थांबवता येतो. आमच्याकडे दाराशेजारी मुलांच्या खांद्याच्या उंचीवर तीन खुंट्या आहेत. दप्तर, पाण्याची बाटली आणि ओळखपत्र तेथेच अडकते, खाली ज्याचे त्याचे बूट राहतात, आणि डबा मात्र सरळ ओट्यावर जातो. खुंट्या पूर्वी आमच्या उंचीवर ठोकलेल्या होत्या, तेव्हा तीन दप्तरे रोज सोफ्यावर पडत आणि रोज ओरडा होत असे. सुताराला बोलावून त्या दोन फूट खाली घेतल्या आणि सोफा मोकळा झाला. कपड्यांचेही तसेच आहे. लहान मुलांच्या कपड्यांच्या रचून ठेवलेल्या घड्या एक ओढला की कोसळतात. त्याऐवजी घड्या खणात उभ्या लावल्या, म्हणजे प्रत्येक कपडा वरून दिसतो आणि शेजारचा हलत नाही.

सणांचे सामान आपल्याकडे थोडे जास्तच असते. गणपतीचे मखर, नवरात्रातल्या चणियाचोळ्या आणि टिपऱ्या, दिवाळीचे आकाशकंदील, उत्तरायणाच्या फिरक्या आणि उरलेले पतंग हे सगळे एका मोठ्या खोक्यात कोंबले की गणपतीत मखर काढताना मांजा पायात येतो. प्रत्येक सणाला एकच खोके ठेवा, त्यावर सणाचे नाव मोठ्या अक्षरांत लिहा आणि सण संपल्यावर भरतानाच तुटलेले, फाटलेले बाजूला काढा. पुढच्या वर्षी काढताना ते सुचत नाही, कारण तेव्हा घाई असते.

देण्याच्या वस्तूंसाठी दाराशी एक पिशवी कायम टांगलेली असू द्या. भरली की कपडे भांडीवालीकडे, पस्ती म्हणजे रद्दी पस्तीवाल्याकडे आणि चांगली खेळणी-पुस्तके जवळच्या बालवाडीत. ती आठ दिवसांवर घरात राहिली तर त्यातल्या निम्म्या वस्तू हळूहळू परत कपाटात जातात, हा माझा अनुभव आहे.

रावपुऱ्यातील आजी

मी तुमच्या आईच्या बाजूने लिहिते, कारण मीही वाडा सोडून फ्लॅटमध्ये आलेली सासू आहे. चिरंजीव, आम्ही भांड्यांना चिकटून बसतो असे तुम्हांला वाटत असेल. त्या घंगाळात तुम्हांला आंघोळ घातलेली असते आणि त्या परातीत तुमच्या मुंजीची कणीक भिजवलेली असते. हे आम्हांला कोणी विचारत नाही, म्हणून आम्ही भांडे धरून ठेवतो. माझ्या सुनेने एका दुपारी सगळी बावीस भांडी चटईवर मांडली, नातवंडांना बोलावले आणि मला म्हणाली, "आई, एकेकाची गोष्ट सांगा, मग कोणते कोणाकडे जायचे ते तुम्हीच ठरवा." संध्याकाळपर्यंत मी सहा ठेवली होती. त्यांपैकी दोन पातेल्यांना कल्हई करून घेतली आणि ती आजही वापरात आहेत. पाच लेकीकडे आणि भाचीकडे गेली, उरलेली मोडीत दिली. मोडीचे पैसे सुनेने माझ्याच हातात ठेवले, याचा मला फार आनंद झाला. आईच्या भांड्यांचा निर्णय आईला घेऊ द्या. तुम्ही फक्त वेळ काढून शेजारी बसा.

अलकापुरी, स्थापत्य अभियंता

एका गोष्टीकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. पूर आला तेव्हा आपण सर्वकाही वर नेलेत, परंतु पितळेला पाण्याचे भय नसते. घंगाळ, पराती, स्टीलचे डबे, प्लास्टिकच्या खुर्च्या खुशाल तळमजल्यावर ठेवा. पुसले की झाले. वर जागा हवी ती कागद, गाद्या, पुस्तके आणि विजेच्या उपकरणांना. खाली लाकडी कपाट ठेवायचेच असेल तर खालचा खण रिकामा किंवा भांड्यांचा ठेवा आणि कागद डोक्याच्या वरच्या फळीवर, चेन असलेल्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा. घराचा मूळ दस्तऐवज, विमा आणि जन्मदाखले यांचे एकच पाकीट करावे, म्हणजे रात्री-अपरात्री एका हाताने उचलता येते. डिजिलॉकरमध्ये संबंधित खात्याने दिलेली प्रत मूळ कागदाच्या बरोबरीने चालते. आपण स्वतः स्कॅन करून चढवलेली प्रत मात्र तशी चालत नाही, म्हणून तिच्या भरवशावर मूळ कागद टाकू नयेत.

घरात चार वर्षांचे मूल आहे, म्हणून आणखी तीन गोष्टी आग्रहाने सांगतो. उंच कपाटे आणि खणांची टेबले एल-पट्टीने भिंतीला स्क्रूने पक्की करा, कारण मुले उघड्या खणांवर पाय देऊन चढतात आणि कपाट अंगावर येते. ट्रंकांमधल्या डांबरगोळ्या काढून टाका. नॅप्थलीनची गोळी मूल पेपरमिंट समजून तोंडात घालू शकते, आणि रक्तात जी6पीडी या विकराची कमतरता असलेल्या मुलांना तिचा विशेष धोका असतो. त्याऐवजी कपडे कडक उन्हात वाळवून कडुलिंबाच्या सुक्या पाल्यासह ठेवावेत. तिसरी गोष्ट, जुन्या आवाजी खेळण्यांतल्या आणि रिमोटमधल्या चपट्या बटण-बॅटऱ्या. अशी बॅटरी गिळली जाऊन अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. फिरत्या पेट्या करताना प्रत्येक खेळण्याच्या बॅटरीचे झाकण स्क्रूने बंद आहे ना, हे आपण स्वतः पाहावे.

कारेलीबागकर

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे.

मुलीची माफी मागितली. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग तिने विचारले, "दातसुद्धा परत मिळणार नाही ना?" मी नाही म्हणालो. दुसऱ्या दिवशी माळ्यावरची लहान हिरवी ट्रंक काढून, डांबरगोळ्या टाकून, दोन दिवस गच्चीवर उन्हात ठेवून तिला दिली. गादीखालच्या वस्तू त्या ट्रंकेत जायला आठवडा लागला आणि त्या आठवड्यात मी एकदाही विचारले नाही.

मधल्या काळात घंगाळ आणि पराती खाली गेल्या. आईने भांडी मांडून गोष्टी सांगितल्या तेव्हा माझ्या जन्माआधीच्या घराविषयी मला पहिल्यांदाच पुष्कळ काही कळले. तिने नऊ भांडी ठेवली आणि मी एकाही भांड्याबाबत आग्रह धरला नाही. धाकट्याच्या फळीवर ताईने काढलेली चित्रे आहेत. गाड्यांच्या जागी गाड्या बहुतेक वेळा परत येतात, ठोकळे अजून येत नाहीत. वडिलांच्या फायली मात्र मला अद्याप उघडवलेल्या नाहीत. दिवाळीपर्यंत त्या राहू देणार आहे, फक्त पलंगाखालून काढून आमच्या खोलीत आणल्या आहेत.

काल संध्याकाळी मुलगी अंगाला न येणारे दोन फ्रॉक घेऊन स्वतःच माझ्याकडे आली आणि दाराशी टांगलेल्या पिशवीकडे बोट दाखवून म्हणाली, "बाबा, टाकायच्या आधी खिसे बघा." मी बघितले. एका खिशात शेंगदाण्याचे फोलपट होते. तिने ते हातावर घेऊन नीट पाहिले आणि केराच्या टोपलीत टाकले.