मदत हवी आहे : शोषखड्ड्यासाठी जमीन तपासली, पण दोन खड्ड्यांचे निकाल अगदी उलटे आले

नमस्कार. देवगड तालुक्यातील आमच्या जुन्या चिरेबंदी घराच्या मागे नवीन संडास आणि न्हाणीघर बांधायचे आहे. सेप्टिक टाकीचा प्रश्न नाही. टाकीतून बाहेर पडणारे पाणी कुठे आणि कसे जिरवायचे, हा आहे. गवंड्याचा सल्ला सरळ होता : "कातळ फोडून धा फूट खड्डो मारा, पाणी खंय गेला ता कळाचासुद्धा नाय." मला नेमकी भीती वाटते ती त्याचीच, कारण आमची पिण्याची विहीर उताराच्या खालच्या अंगाला आहे.

म्हणून मे महिन्यात आयएस २४७० (भाग २) या सेप्टिक टाकीच्या सांडपाण्याविषयीच्या भारतीय मानकातील पद्धतीने, पाणी जमिनीत किती वेगाने जिरते याची दोन ठिकाणी चाचणी केली. पहारीने सुमारे २०० मिमी रुंद आणि तीन फूट खोल खड्डे घेतले. पहारीच्या घासण्याने बाजूची माती लिंपल्यासारखी गुळगुळीत होते आणि पाणी अडवते, त्यामुळे त्या बाजू टोकदार खिळ्याने खरवडल्या, सुटी माती काढली आणि तळाला ५० मिमी जाड वाळू पसरली. मग ३०० मिमी पाणी भरून खड्डे रात्रभर तसेच ठेवले, म्हणजे माती जेवढी फुगायची तेवढी फुगते.

पहिला खड्डा परड्यात, आंब्याच्या कलमाच्या पलीकडे, लाल चिकट मातीत होता. सकाळी त्यात पाणी शिल्लक होते. ते वाळूच्या वर १५० मिमी ठेवून मोजले, तेव्हा अर्ध्या तासात पातळी १६ मिमी उतरली, म्हणजे २५ मिमीला साधारण ४७ मिनिटे. दुसरा खड्डा सड्याच्या, म्हणजे कातळी माळाच्या, बाजूला जांभ्यात होता आणि सकाळी तो कोरडा ठणठणीत होता. त्यात १५० मिमी पाणी घातले, ते नऊ मिनिटांत संपले. आत बॅटरी मारून पाहिले, तर एका बाजूला अंगठा जाईल एवढे भोक दिसले आणि पाणी बहुधा त्यातूनच गेले असावे.

मानकानुसार २५ मिमीला ३० मिनिटांपर्यंत वेळ लागला तर शोषखड्डा चालतो, ३० ते ६० मिनिटांच्या दरम्यान चर खणून पाणी पसरवावे लागते आणि त्याहून सावकाश जिरत असेल तर गाळणीचा, म्हणजे फिल्टरचा, मार्ग उरतो. नुसत्या आकड्यांवर गेलो तर जांभ्याची जागा उत्तम ठरते. परंतु तिथे पाणी मातीतून गाळून जात नाही, भेगांमधून धावते, आणि विहीर तिथून अवघ्या २२ मीटरवर आहे. किमान १८ मीटरची अट कागदावर पाळली जाते खरी, पण भेगाळ जांभ्यात त्या १८ मीटरवर भरवसा ठेवायला मन धजत नाही.

परड्याच्या जागेची अडचण वेगळी आहे. आज विहिरीचे पाणी २८ फुटांवर आहे, पण श्रावणात ते इतके वर येते की काठावर वाकून कळशी बुडवता येते. भूजल जमिनीपासून १८० सेंमीच्या आत असेल तर चर उंचवट्यात, अंशतः किंवा पूर्ण जमिनीच्या वर घ्यावा, असे मानक सांगते. शिवाय ४७ मिनिटांच्या दराने एका चौरस मीटरात दिवसाला सुमारे ३० लिटर पाणीच जिरवता येते. दिवसाचे ५०० लिटर धरले तर जवळजवळ १७ चौरस मीटर तळ लागतो, आणि दोन फुटी चर घेतला तरी त्याची लांबी २८ मीटरच्या आसपास जाते. तेवढी जागा आहे, मात्र दोन कलमे तोडावी लागतील.

आता प्रश्न असे : मे महिन्यातील ४७ मिनिटे धरून आखणी करावी, की ऑगस्टमध्ये त्याच ठिकाणी पुन्हा चाचणी होईपर्यंत काम थांबवावे? जांभ्यातील चाचणीचा निकाल आपण सर्वस्वी बाद धराल का, की त्या जागी वाळूचा जाड थर देऊन कोणी यशस्वीपणे पाणी जिरवले आहे? आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात ज्यांनी उंचवट्यातील चर किंवा अपफ्लो फिल्टर (पाणी खालून वर चढत गाळले जाणारा) बसवला आहे, त्यांच्याकडे पहिल्या पावसाळ्यात त्याची अवस्था काय झाली, हे सांगितल्यास फार उपकार होतील. गवंडी जूनच्या आधी खड्डा मारायला उतावीळ आहे. मी त्याला अजून थोपवून धरले आहे.