55 सीसीचे विमान नाइफ-एजमध्ये पोटाकडे का वळते?

गोदाकाठ (प्रश्न)
नमस्कार मंडळी. फोमची इलेक्ट्रिक विमाने बरीच वर्षे उडवल्यानंतर मी आता 85 इंच पंखविस्ताराचे, बाल्सा आणि प्लायचे, 55 सीसी पेट्रोल इंजिनाचे एक्स्ट्रा 300 धर्तीचे मॉडेल सिन्नरच्या बाजूला उडवू लागलो आहे. लूप आणि रोल समाधानकारक होतात. परंतु नाइफ-एजमध्ये, म्हणजे विमान कुशीवर धरून केवळ रडरच्या (उभ्या शेपटीवरच्या सुकाणूच्या) जोरावर पुढे नेताना, ते पोटाच्या दिशेने वळत जाते आणि सोबत किंचित गिरकीही घेते. यावर रेडिओमध्ये थेट मिक्स (एक काडी हलवली की दुसरे पृष्ठही आपोआप हलवणारी जुळणी) टाकावा, की आधी आणखी काही तपासावे? दुसरे असे, की सकाळी उत्तम चालणारे इंजिन ऊन चढले की मंद गतीवर बंद पडते. त्याचे कारण काय असावे?

शेतावरचा वैमानिक
मिक्स अगदी शेवटी टाकावा. गुरुत्वमध्य हलवला की एलेव्हेटरचा (नाक वर-खाली करणाऱ्या आडव्या शेपटीच्या हलत्या भागाचा) ट्रिम, म्हणजे सरळ उड्डाणासाठीची बारीक जुळवणी, बदलतो आणि आधी टाकलेला मिक्स निरुपयोगी ठरतो, म्हणून पहिली चाचणी गुरुत्वमध्याचीच. विमान 45 अंशांच्या चढणीवर सरळ न्यावे, तिथेच उलटे करावे आणि रेडिओची काडी सोडून द्यावी. नाक सावकाश जमिनीकडे झुकले तर गुरुत्वमध्य योग्य जागी आहे. झपकन झुकले तर नाक जड आहे. आणि उलट्या स्थितीत विमान आपणहून वर चढू लागले तर शेपूट जड आहे. त्यानंतर पूर्ण थ्रॉटलवर उभी चढण घेऊन ते डावीकडे ओढते का ते पाहावे. ओढत असेल तर इंजिनाच्या माउंटखाली वॉशर घालून उजवा कल थोडा वाढवावा.

जमिनीवरचे काम याहून महत्त्वाचे आहे, असे माझे ठाम मत आहे. सर्व्होचा (पृष्ठ हलवणाऱ्या छोट्या मोटरचा) आर्म मध्यस्थितीत लिंकेजला, म्हणजे पृष्ठाला जोडणाऱ्या दांडीला, काटकोनात असावा, आणि तो काटकोन सबट्रिमने (रेडिओतून मध्य सरकवून) नव्हे, तर आर्म दाते बदलून बसवून आणि लिंकेजची लांबी जुळवून साधावा. एलेव्हेटरचे दोन्ही भाग वेगवेगळ्या सर्व्होंवर असतील तर ते केवळ मध्यावर नव्हे, तर पूर्ण वर आणि पूर्ण खालीही सारखे आहेत का हे मोजून घ्यावे. तिथे दोन मिलिमीटरचा फरक असला तरी लूपमध्ये विमान तिरके निघते. बिजागरीच्या फटी पारदर्शक टेपने बंद कराव्यात. एवढ्या मोठ्या पृष्ठांवर उघडी फट आणि लिंकेजमधला ढिलेपणा हे फ्लटरला (पृष्ठाच्या अनियंत्रित थरथरीला) आमंत्रणच असते, आणि फ्लटर सुरू झाला की विमान वाचवायला वेळ मिळत नाही.

हे सारे झाल्यावर रडरवरून एलेव्हेटरला दोन-तीन टक्के 'अप' मिक्स द्यावा आणि तो हळूहळू वाढवावा. डाव्या आणि उजव्या रडरसाठी आकडे वेगळे निघाले तर आश्चर्य वाटू देऊ नये. गिरकी रडरच्याच दिशेने येत असेल तर एलेरॉनचा (गिरकी देणाऱ्या, पंखांवरच्या हलत्या भागांचा) मिक्स विरुद्ध दिशेने द्यावा.

टू-स्ट्रोक
इंजिनाविषयी लिहितो. आधी काउल (इंजिनावरचे आवरण) पाहावे. हवा पुढून आत येते तेवढ्याने भागत नाही; ती सिलिंडरवरच्या थंडाव्याच्या पातळ पट्ट्यांमधूनच (फिन्स) जावी यासाठी आत बॅफल (हवेला वळवणारा आडपडदा) लागतो, आणि बाहेर जाण्याची वाट आत येण्याच्या तोंडाच्या किमान दुप्पट असावी लागते. ते ठीक असेल तर कार्ब्युरेटरची मंद गतीची 'एल' सुई (इंधनाचे प्रमाण ठरवणारा स्क्रू), इंजिन पूर्ण तापलेले असताना, एका वेळी अगदी थोडी फिरवून जुळवावी. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे हवा विरळ असते आणि मुंबईला जुळवलेली सुई इथे जशीच्या तशी चालेलच असे नाही.

आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. ते ओलावा शोषते आणि कार्ब्युरेटरचा रबरी डायफ्रॅम लवकर खराब करू शकते. म्हणून दिवस संपला की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. नळी पेट्रोलचीच घ्यावी, कारण सिलिकॉनची नळी पेट्रोलमध्ये फुगते. सुया फिरवताना शेपूट धरायला दुसरा माणूस हवाच आणि आपण पंख्याच्या (प्रोपेलरच्या) मागे उभे राहावे: 22 इंची पंखा मिनिटाला 7000 फेऱ्यांवर फिरत असेल, तर त्याच्या टोकाचा वेग ताशी 700 किलोमीटरच्या वर जातो.

ओझरकर
एक जोड. ड्रोन नियम 2021 मध्ये 25 किलोपर्यंतच्या, छंदासाठी नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या मॉडेलचाही विचार केलेला आहे, त्यामुळे हे नियम आपल्याला लागू नाहीत असे समजू नये. हिरव्या क्षेत्रात, म्हणजे नकाशावर लाल वा पिवळ्या न दाखवलेल्या भागात, उंचीची मर्यादा 400 फुटांची आहे, तर चालू विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात ती 200 फुटांवर येते. ओझरचा विमानतळ आणि देवळालीचा तोफखाना ज्या परिसरात आहे, तिथे डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा न पाहता शेत ठरवू नये. संक्रांतीच्या दिवसांत मांजाचीही धास्ती असते, ते वेगळेच.

गोदाकाठ
सर्वांचे आभार. उलट्या चढणीची चाचणी घेतली. नाक झपकन खाली येते. रिसीव्हरच्या दोन्ही बॅटऱ्या आणि इग्निशनची (ठिणगी देणाऱ्या यंत्रणेची) बॅटरी सध्या फायरवॉलजवळ, म्हणजे इंजिनामागच्या भिंतीजवळ, आहेत. तिन्ही मागे न्याव्यात का?

शेतावरचा वैमानिक
रिसीव्हरच्या दोन्ही बॅटऱ्या पंखांच्या नळीमागे न्याव्यात आणि टेपऐवजी पट्ट्याने घट्ट बांधाव्यात. इग्निशनची बॅटरी मात्र पुढेच राहू द्यावी, कारण ती यंत्रणा रिसीव्हरपासून जितकी लांब तितका व्यत्यय कमी. त्यानंतर टाकी रिकामी ठेवून गुरुत्वमध्य पुन्हा मोजावा, आणि उडवण्यापूर्वी इंजिन चालू ठेवून रेंज आणि फेलसेफ (सिग्नल तुटल्यास विमान काय करेल ती जुळणी) तपासावे.